मस्कत ते माकणी, तीन तास

माझ्या वडिलांच्या हिशोबानं मस्कत आमच्या माकणीपासून तीन तासांवर होतं आणि तामलवाडी एका दिवसावर. मस्कतला माझा धाकटा भाऊ नोकरीला होता आणि तामलवाडीला मला दिलेलं होतं. त्यामुळं जवळचं लेकरू कोणतं आणि लांबचं कोणतं, याचा निकाल त्यांच्यापुरता लागून गेला होता.

हा हिशोब भावानं आणला होता. पहिल्या सुट्टीला तो घरी आला तेव्हा बॅगेत टेपरेकॉर्डर होता, वडिलांसाठी घड्याळ होतं, माझ्यासाठी गुळगुळीत परदेशी साडी होती. उन्हाळ्यात ती अंगाला चिकटायची म्हणून मी दोनदाच नेसले. गावातली माणसं अंगणात जमली होती. कुणीतरी विचारलं, तिकडून यायला किती दिवस लागतात. भाऊ हसला आणि म्हणाला, दिवस कसले, मस्कत ते मुंबई हजार मैल आहे, पण विमान तीन तासांच्या आत आणून टाकतं, चहानाश्ता उरकेपर्यंत खाली मुंबई दिसायला लागते. वडिलांनी हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचे डोळे माझ्याकडं होते.

दादा, म्हणजे वडील, गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्या वर्षांत पाऊस पाठ फिरवून बसलेला. खत-बियाणाला कुणी विचारत नव्हतं, सोसायटीच्या गोदामातून फक्त कडबा आणि पेंड वाटली जायची. कुणाला आधी द्यायचं आणि कुणाला नंतर, हे दादा ओट्यावर खुर्ची टाकून ठरवायचे. उशिरा आलेल्याला ते रिकामं परत पाठवायचे आणि त्यात त्यांना एक समाधान असायचं. ते मला माहेरी आल्यावर डोळ्यांनी दिसायचं. लांबच्या वस्तीवरची एक विधवा बाई एकदा डोक्यावर दोरी गुंडाळून धापा टाकत आली, तोवर वाटप संपलं होतं. दादा तिला म्हणाले की माझा पोरगा हजार मैलांवरून तीन तासांत येतो आणि तुला दोन कोसांवरून यायला दुपार होते, मग तुझी म्हैस मेली तर ती कुणामुळं मेली ते तूच सांग. ओट्यावरची माणसं हसली. बाई दोरी सोडून परत गुंडाळत उभी राहिली आणि मग निघून गेली.

माझ्या वाटेची टिंगल तर नेहमीची. तामलवाडीच्या फाट्यावर मी दिवस उगवायच्या आत येऊन थांबायची. सोलापूरकडून येणारी एसटी भरलेली असली की ड्रायव्हर मान फिरवून पुढं निघून जायचा. दुसरी मिळाली की तुळजापूर, तिथं पुन्हा ताटकळत बसणं, मग नळदुर्गवरून पुढची गाडी, आणि शेवटचा तुकडा पायी किंवा कुणाच्या बैलगाडीत. कडेवर पोर, हातात भाकरीचं गाठोडं, नाकातोंडात धरणाच्या कामावरच्या ट्रकांनी उडवलेला फुफाटा. घरात पाय टाकला की दादा घड्याळ बघायचे, तेच भावानं दिलेलं, आणि म्हणायचे की एवढ्या वेळात मस्कतवाला दोनदा येऊन गेला असता. मी हसण्यावारी न्यायची. लेकीनं हसण्यावारीच न्यायचं असतं.

एकदा मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, दादा, ते तीन तास मुंबईपर्यंतचे, तिथून सोलापूरला यायला अख्खी रात्र आगगाडीत जाते आणि पुढं माझीच एसटी त्यालाही धरावी लागते. दादांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "मुंबई आपलीच हाय की. ती कशाला मोजायची?" त्यांना यात काही विनोद वाटत नव्हता. विमान म्हणजे त्यांच्या लेखी जोरात पळणारी एसटी. माणसानं फाट्यावर जायचं, हात करायचा, बसायचं. तिथं बसण्याआधी कुणाची परवानगी लागत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

आमची आई भाऊ रांगत होता तेव्हाच गेली. त्याला मी वाढवलं. माझी शाळा सातवीला सुटली ती त्याच्या शाळेसाठीच, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो मला आक्का म्हणतो, पण लहानपणी तापात असला की आई म्हणायचा. हे सांगते आहे ते कौतुक म्हणून नाही. पुढं त्यानं जे केलं ते कुणी परक्यानं केलं नाही, एवढं समजावं म्हणून सांगते.

दादांच्या पोटाचं दुखणं उन्हाळ्याच्या तोंडाशी वाढलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, काकांना बाजूला घेतलं आणि पेशंटला घरी न्या म्हणून सांगितलं. काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. सोसायटीत दादांच्या मागं उभे राहायचे आणि घरातही. त्यांनी मला निरोप धाडला. मी पोरं सासूकडं ठेवली आणि तीच सगळी वाट तुडवत माकणीला आले. दादा माजघरात खाटेवर पडलेले होते. अंगावरचं मांस उतरलेलं, पोट तेवढं फुगलेलं. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलीस? त्याला बोलीव."

काका सोसायटीच्या ट्रॅक्टरबरोबर कडबा आणायला लांब गेले होते. भावाचा पत्ता इंग्रजीत होता आणि घरात तो वाचणारी मी एकटी. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच उमरग्याला तालुक्याच्या पोस्टात गेले. तिथल्या माणसानं मला मोजक्या इंग्रजी शब्दांत तार लिहून दिली: वडील अत्यवस्थ, ताबडतोब नीघ. त्यानं तीन वेळा पत्ता विचारला, मी तीन वेळा कागदाला बोट लावून वाचून दाखवला. पैसे दिले, पावती घेतली, ती कनवटीला लावली आणि उन्हात घरी आले. तार गेली दादा, म्हणून सांगितलं. त्यांनी उशाखालचं घड्याळ काढलं, बघितलं आणि पुन्हा ठेवून दिलं.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खाट ओसरीत काढायला लावली. तिथून रस्ता दिसायचा.

दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलणं कमी केलं. टँकरचा आवाज आला तरी मान उचलायचे. चौथ्या दिवशी दुपारी काका, चुलती, शेजारची चार माणसं खाटेभोवती होती. मी वाटीत पेज घेऊन बसले होते. दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिनं तार केलीच न्हाय."

मला आधी वाटलं, ग्लानीत बोलतात. पण ते चांगले शुद्धीवर होते. त्यांनी मुद्दा नीट मांडला, जसा ते सोसायटीच्या बैठकीत मांडायचे. तीन तासांचा रस्ता. तार गेली असती तर त्याच दिवशी रात्री पोरगा दारात उभा असता. उभा नाही, म्हणजे तार गेली नाही. तार करायला कोण गेली होती, तर ही. पोरगा यायच्या आत बापाचा अंगठा जमिनीच्या कागदावर उठवायचा हिचा आणि हिच्या नवऱ्याचा बेत असणार. एवढं बोलून त्यांना धाप लागली. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात माहेरची एक काडी मागितली नव्हती. मी कनवटीची पावती काढून त्यांच्यापुढं धरली. दादांनी तिच्याकडं बघितलंही नाही. "कागूद कुनी बी आनतंय," म्हणाले.

मी काकांकडं बघितलं. काकांना वाचता येत होतं. त्यांनी पावती घेतली, उलटीसुलटी केली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाले, तारेत काय लिहिलंस ते ह्याच्यावर कुठं आहे. बाकीची माणसं जमिनीकडं बघत राहिली. तीन तास हा आकडा गावात एवढ्या वर्षांत इतक्यांदा ऐकवला गेला होता, की त्याच्यापुढं माझी सातवी चालली नाही.

पेजेची वाटी दादांनी हातानं लोटली. त्यानंतर त्यांनी माझ्या हातून काही घेतलं नाही. पाणीसुद्धा. पाणी मीच भरून आणायची, टँकरमागं धावून, घागरीसाठी भांडून. आणि तांब्या चुलतीच्या हातात द्यायची, मग ती त्यांना पाजायची. मला राग येत होता आणि त्या रागातसुद्धा मी त्यांचे कपडे बदलत होते, कारण त्या कामाला चुलती पुढं येत नव्हती. तेवढं ते माझ्याकडून करून घ्यायचे, डोळे मिटून.

असे आणखी दोन दिवस काढून ते गेले. शेवटचं पाणी काकांनी घातलं. मी पायाशी होते. अग्नी काकांच्या मुलानं दिला. प्रेत भावासाठी ठेवायचं का, असं कुणी विचारलंच नाही, कारण त्याला कळवलेलंच नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. काकांनी त्याच दिवशी स्वतः उमरग्याला जाऊन दुसरी तार केली. ती केल्याचं सगळ्या गावाला सांगितलं.

भाऊ दहाव्याच्या आदल्या दिवशी आला. सोलापूरहून भाड्याच्या जीपनं. तो उंबऱ्याशीच कोसळला, कपाळ बडवून घेतलं, आणि बायकांनी त्याला असं कवटाळलं की मी त्याच्यापर्यंत पोचले नाही. केवढ्या लांबून आलं लेकरू, म्हणून बाया रडत होत्या. त्या घरात नऊ दिवस मी राख-सावड, स्वयंपाक, सुतक सांभाळत होते; मला त्या दिवसांत कुणी लेकरू म्हटलं नव्हतं.

रडणं जरा ओसरल्यावर काकांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, तार कधी मिळाली. आता होईल, म्हटलं. आता हा सांगेल. भावानं पंच्यानं तोंड पुसलं, खाली बघितलं.

"परवा," म्हणाला.

काकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेवढी गरज उरली नव्हती.

मी त्याला गोठ्यात गाठलं. गोठा मोकळाच होता, जनावरं चाऱ्याच्या छावणीवर. त्याला दंडाला धरून मी विचारलं की माझी तार कुठं गेली. तो रडला नाही आता. म्हणाला, तिसऱ्या दिवशीच मिळाली आक्का. मग त्यानं मला हळू आवाजात सगळं सांगितलं. तिकडं उतरल्या उतरल्या मालक पासपोर्ट काढून घेतो आणि कपाटात कुलपात ठेवतो. मालकानं सही दिल्याशिवाय विमानतळाच्या दारातून आत सोडत नाहीत. त्यानं मालकापुढं तार धरली. मालक म्हणाला, काम उरकू दे. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तुम्हा लोकांचे बाप दर उन्हाळ्यात मरतात. काकांची तार आल्यावर, मेल्याची खात्री पटल्यावर, त्यानं सही दिली, तीही आठवड्याची मजुरी कापून घेऊन. भाऊ कंपनीत कारकून आहे असं आम्हाला माहीत होतं. तो बांधकामावर पाट्या वाहत होता. विमान मात्र खरोखर तीन तासांच्या आतच आलं, हेही त्यानं सांगितलं.

मी म्हटलं, मग हे बाहेर जाऊन सांग. दादा मला चोर समजून गेले. माझ्या हातचं पाणी त्यांनी घेतलं नाही. तू नुसतं एवढं सांग, की तार वेळेवर आली होती.

तो गव्हाणीला टेकला. मग म्हणाला, "आक्का, दादानी कुठल्या सालगड्याला साल मोडून जाऊ दिलं व्हतं? आन् मी तिकडं सालगडीच हाय. हे गावाला सांगू व्हय?" पुढं म्हणाला, "तुझं काय, तू परवा तामलवाडीला जाशील. मला हितं नाव हाय."

त्याच्या तोंडावर मारावं असं वाटलं. मी मारलं नाही. लहानपणी कधी मारलं नव्हतं, तेव्हा सुरुवात कुठून करायची हेच समजलं नाही.

दहाव्याला सगळे तेरणेच्या काठी गेलो. नदी म्हणजे नुसती वाळू. आंघोळीपुरतं पाणी टिपाडात भरून गाडीवरून नेलं होतं. आमच्याकडं लेकीसुनाही जातात, पण बाजूला बसतात. भावाचं डोकं भादरलं, पिंड मांडले, सगळे मागं सरले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. कावळा पिंडाला शिवला की मेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलेलं नाही असं समजायचं, आणि नाही शिवला तर काहीतरी अडकलंय. ऊन चढलं. कावळा येईना. आकाशात बघावं तर सगळी पाखरं वरच्या माळाकडं, जिथं छावणीतली मेलेली जनावरं ओढून टाकत होते. त्या उन्हाळ्यात कावळ्यांना भाताच्या गोळ्याचं काय अप्रूप असणार? हे मला दिसत होतं आणि तिथं बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्यालाही दिसत असणार.

तरी रीतीप्रमाणं सुरू झालं. काका पुढं होऊन म्हणाले, दादा, सोसायटी नीट चालवू. भाऊ म्हणाला, दादा, घर सांभाळीन, जमीन पडीक टाकणार नाही. चुलतीनं काही कबूल केलं. एक कावळा बाभळीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. पोरं हलायला लागली, म्हातारी माणसं उन्हानं मेटाकुटीला आली. मग काका वळले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाई, व्हय म्होरं. काय चुकलं आसंल ते सांग बापाला. त्यो तुझ्यापशीच अडकलाय."

मी भावाकडं बघितलं. तो माझ्यापासून चार हातांवर उघड्या अंगानं उभा होता. त्याला एक वाक्य बोलायचं होतं. बापाला उद्देशून बोलला असता तरी चाललं असतं, गावाला उद्देशून बोलायची गरज नव्हती. तो पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिला. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर उन्हानं घाम फुटला होता, आणि मला, अशा वेळी, त्याच्या डोक्यावर पदर धरावासा वाटला. याचा मला आजही संताप येतो.

मी पुढं गेले. खरं बोलायचं ठरवूनच उठले होते. पण पिंडाजवळ उभी राहिले आणि मनात आलं की मी खरं बोलले तर काय होईल. भाऊ नाही म्हणेल. काका म्हणतील, बापाच्या पिंडापुढंही खोटं बोलते. कावळा बाभळीवरच बसून राहील, आणि दादा मेल्यावरसुद्धा ओसरीतल्या खाटेवरून रस्त्याकडं बघत राहतील. त्यांना तसं ठेवायची माझी तयारी नव्हती. ते माझ्याशी कसेही वागले असोत, नव्हती.

"दादा," मी म्हटलं, "तार म्या उशिरा केली. माझ्या मनात पाप आलं व्हतं. आता मोकळं व्हा."

मी मागं सरले. कावळा बाभळीवरून उतरला, दोन उड्या मारत आला आणि त्यानं पिंडात चोच घातली.

शिवला, शिवला, असा एकच गलका झाला. माणसं हात जोडत उठली. चुलती मला जवळ घेऊन म्हणाली, बरं झालं बाई, सांगून टाकलंस. भाऊ गुडघ्यावर बसून हमसून रडायला लागला आणि लोक त्याला बहिणीला माफ कर म्हणून समजवायला लागले. त्यानं मान हलवली. मला त्यानं माफ केलं, सगळ्यांसमोर.

कावळ्याला माणसाच्या मनातलं कळतं, यावर माझा विश्वास नाही. त्या कावळ्याला वरच्या माळावर घारींनी जागा दिली नसेल, म्हणून तो भातावर आला. हे मी स्वतःला पुष्कळदा समजावते आणि ते मला पटतंही. पण ती वाळू, ते ऊन, तो उतरणारा कावळा डोळ्यापुढं आला की दुसरंच वाटतं. दादा त्या दिवशी तिथं होते. काकांनी सोसायटी नीट चालवू म्हटलं, ते त्यांना नको होतं. पोरगा आला होता, तोही त्यांना नको होता. त्यांना फक्त मी चोर आहे हे माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ते ऐकल्याबरोबर ते जेवले.